ऐकू येत असेल तर कळवा

शनिवारी सकाळी साडेदहाला प्रतीक्षाच्या स्क्रीनवर एकाखाली एक नऊ ओळी उमटल्या आणि नऊच्या नऊ ओळींच्या शेवटी एकच शब्द आला, 'यशस्वी'. एवढं यश एकदम मिळालं की माणसाला संशय येतो. प्रतीक्षाला तर यायलाच हवा होता, कारण गेले तीन शनिवार हाच कॉम्प्युटर तिला 'परवानगी नाही' आणि 'मार्ग सापडला नाही' यापलीकडे काही बोलला नव्हता.

"झालं?" शेजारच्या टेबलावरून अमृताने विचारलं. ही हजेरी आणि पगारपत्रकं बघायची, आणि उरलेल्या वेळात प्रतीक्षाचा चेहरा बघायची.

"म्हणतोय तर झालं म्हणून."

"मग असा चेहरा का?"

"माझा मामा सहा वर्षं घराचं प्लास्टर 'झालंच' म्हणतोय."

त्याचं असं होतं. कंपनी गुलाबांची. फुलं पिकायची आणि पेट्यांत भरली जायची कान्ह्याला, माल रवाना व्हायचा बेगडेवाडीच्या गोदामातून, कागदपत्रं वराळ्याच्या ऑफिसात, आणि मालक ओंकारसाहेब लोणावळ्याच्या बंगल्यात, बहुतेक वेळा ढगात. सोमवारपासून परदेशच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक पेटीवर नवीन लेबल हवं होतं, आणि ते लेबल कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांत जायला हवं होतं. एरवी असलं काही आलं की प्रतीक्षा पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकायची, तळेगावला येऊन लोकल पकडायची, कान्ह्याला उतरायची, तिथलं उरकून उलट्या दिशेने बेगडेवाडीला जायची. दोन दिवस मोडायचे. मग पुण्याच्या एका एजन्सीने साहेबांच्या कानावर घातलं की हे सगळं एका जागी बसून होतं, फक्त आम्हाला बोलवा.

"ते मी करते की," प्रतीक्षा बोलून गेली होती. "खुर्चीवरून न उठता."

साहेबांनी लगेच अट घातली. "शनिवारी पाचपर्यंत करून दाखवा. झालं तर सिस्टिमची खुर्ची कायमची तुमची. नाही झालं तर सोमवारी एजन्सीबरोबर सही होईल, आणि तुम्ही परत पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे चार डिग्रीतली खोली, अंगावर दोन स्वेटर आणि वर कोट, आणि आठ तास उभं राहून गुलाबांची उंची मोजणं. प्रतीक्षाने तिथे चार वर्षं काढली होती. कॉम्प्युटर ती तिथेच शिकली, जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून, कुणी न शिकवता. गेल्या महिन्यात हंगामी का होईना पण खुर्ची मिळाली, तेव्हा आईने अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. 'हंगामी' हा शब्द मात्र आईने वाटला नव्हता.

तर स्क्रिप्ट. म्हणजे कॉम्प्युटरला एका दमात सांगायच्या कामांची चिठ्ठी. हे लेबल घे, इथे ठेव, जुनं काढ, आणि झाल्यावर समोर एक चौकट दाखव, चौकटीत 'ठीक आहे' असं बटण. तिकडच्या माणसाने बटण दाबलं की इकडे प्रतीक्षाला कळणार. नऊ यंत्रं होती. चार कान्ह्याची, चार बेगडेवाडीची, आणि यादीच्या शेवटी एक 'लोणावळा' नावाचं, जे तिच्या समजुतीप्रमाणे केव्हाच बंद पडलेल्या फुलांच्या काउंटरवरचं होतं. नऊही यशस्वी. आणि बटण कुणीच दाबत नव्हतं.

विचारायचं तर कसं? कान्ह्याला आणि बेगडेवाडीला मोबाइल चालत नाही. म्हणजे रेंज आहे, मोबाइलच चालत नाही. तीन वर्षांपूर्वी पॅकिंगच्या एका बाईचा फोन साठ सेंटिमीटरच्या गुच्छांबरोबर पेटीत गेला, विमानात बसला आणि परदेशातल्या फुलबाजारात ऐन लिलावात वाजला. लिलाव थांबवून तो उचलला गेला, तेव्हा पलीकडून तिची सून विचारत होती, आमटीत मीठ घातलंय का. तेव्हापासून फाटकावर लोखंडी पेटी आली. सकाळी फोन पेटीत, संध्याकाळी सहाला हातात. लँडलाइन दोन्हीकडची रस्त्याच्या खोदकामात गेली होती. ई-मेल होता, पण तो उघडायचा मान बेगडेवाडीच्या भिमाजींचा, आणि ते तो दर एक तारखेला उघडत.

"मग आवाज पाठव," अमृता म्हणाली. ती चेष्टा करत होती. प्रतीक्षाला मात्र ते पटलं.

तिने फोनवर स्वतःचा आवाज भरला. पहिला निरोप गोड होता. "नमस्कार, मी वराळ्याहून प्रतीक्षा बोलतेय. नवीन लेबल आलं असेल. समोरच्या चौकटीतलं बटण दाबा." दुसरा जरा कडक. "अजून कुणी बटण दाबलेलं नाही. ज्यांना चौकट दिसत नाही पण ऐकू येतंय, त्या प्रत्येकाने स्वतः मला कळवावं." दर दहा मिनिटांनी एक, बटण दाबेपर्यंत. कुणी यंत्र मध्येच बंद केलंच, तर परत चालू झाल्यावर जिथून राहिलं तिथून पुढे बोलायचं, अशीही खबरदारी तिने घेतली. आवाजाचं अख्खं फोल्डर तिने नऊ ठिकाणी रवाना केलं. पुन्हा नऊ वेळा 'यशस्वी'.

मग दोघी चहा पीत बसल्या.

पाऊण तासाने जिन्यात पावलं वाजली. भिमाजी होते. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, हातात हेल्मेट. बेगडेवाडीहून स्कूटरवर आलेले.

"जयभीम, ताई."

"जयभीम, भाऊ. तुम्ही इकडे?"

"येतंय ऐकू," भिमाजी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

प्रतीक्षाला हसावं की रडावं कळेना. "खरंच? म्हणजे पोचलं. आणि चौकट?"

"चौकट न्हाई. मी टेबलाखाली पन बघितलं. आवाज मातुर लय स्वच्छ. पयल्यांदा वाटलं तुमी मागं हुब्या हाये. मी म्हनलं, व्हय ताई, येतंय ऐकू. तर तुमी परत तेच. मग मी जरा जोरात सांगितलं. तवा ध्यानात आलं, ह्यास्नी आपला आवाज जाईना. म्हनून आलो."

"अहो, तेवढ्यासाठी एवढं लांब?"

"प्रत्येकानं स्वता कळवा म्हनलात न्हवं?" भिमाजींनी जिन्याकडे हात केला. "बाकीचे तिघं मागनं येत्यात. एका गाडीवर तिघं हायेत, दमानं येतील."

ते दमानं आले आणि एकामागे एक 'येतंय ऐकू' म्हणून भिंतीला लागून उभे राहिले. बेगडेवाडीचं गोदाम आता नुसत्या कुलपावर होतं.

प्रतीक्षाने घाईघाईने शोधाशोध केली आणि अर्ध्या तासात तिला घोळ सापडला. बाहेरून पाठवलेली स्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या माजघरात चालते. लेबल ठेवते, जुनं काढते, सगळं करते, चौकटही दाखवते. पण दाखवते ती माजघरात. ओसरीवर बसलेल्या माणसाला ती दिसायची कशी? आवाज तेवढा भिंतीपलीकडे जातो. म्हणजे सगळ्या कंपनीत प्रतीक्षा बटण दाबा, बटण दाबा म्हणून ओरडत होती आणि बटण कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

"म्हणजे काम झालंय," ती अमृताला म्हणाली. "फक्त बोलणं बंद करायला हवं."

तेवढ्यात खाली एक गाडी मागे येत असल्याचा टीं टीं टीं आवाज झाला. अमृताने खिडकीतून पाहिलं आणि ती खिडकीतच राहिली.

"प्रतीक्षा, गुलाबाची गाडी आलीय."

"आत्ता? माल तर दुपारनंतर निघतो."

"माल नाहीये."

कंपनीची थंडगार पेटीगाडी फाटकात उभी होती. मागचं दार उघडलं, आतून धूर निघावा तशी वाफ निघाली, आणि त्या वाफेतून एकेक करून अकरा बाया खाली उतरल्या. एप्रिलचं ऊन, आणि अंगावर कोट, डोक्याला कानटोप्या, हातांत मोजे. पुढे झुंबरबाई, कान्ह्याच्या पॅकिंगची मुकादम. पॅकिंगमध्ये प्रतीक्षाला पहिल्या दिवशी स्वतःचा दुसरा स्वेटर काढून देणारी बाई हीच.

"मावशी, तुम्ही सगळ्या?"

झुंबरबाईने वर येऊन आधी प्रतीक्षाचा हात धरला. मोज्यासकट. "कुटं हाय त्यो?"

"कोण?"

"तुला काडनारा. एजन्सीवाला."

"तुम्हाला एजन्सीचं कुणी सांगितलं?"

"तूच की. सांगून सांगून जीव काडलास. आमी आईकलं, चारी डब्यांतनं एकाच टायमाला. दोनदा बटन दाबा म्हनलीस. आमी सगळी दाबली. रखमानं तर लिफ्टचं बी दाबलं. मग तिसऱ्या बारीला तू रडाया लागलीस."

"मी? रडायला?"

अकरा बायांनी एकदम मान हलवली. एकीने तर प्रतीक्षाचा आवाजच काढून दाखवला. "अगं अमृता, काही उपयोग नाही. सोमवारी एजन्सीवाले आले की मी परत चार डिग्रीत. आईला काय तोंड दाखवू? पेढे वाटून बसलीय ती."

हे खरोखर प्रतीक्षाचंच वाक्य होतं. तिने ते दुसरा निरोप भरून झाल्यावर अमृताला म्हटलं होतं, बोट लागून फोनमधलं रेकॉर्डिंग परत चालू झालंय हे न कळता. ती फाईल तिसरी म्हणून त्याच फोल्डरात पडली, आणि फोल्डर अख्खं गेलं होतं. स्क्रिप्टला काय, जे दिसेल ते वाजवायचं.

"तिसऱ्यात अजून काय काय होतं?" अमृताने हळूच विचारलं. तिलाही आठवायला लागलं होतं.

"मालकाचं होतं," झुंबरबाई म्हणाली. "लोनावळ्याला बसून हुकूम सोडतो, सोताचा प्रिंटर लावता येत न्हाई, परतेक बारीला कागद येईना म्हनून फोन, आन् पलग लावलेलाच नसतो. ते मातुर खरं बोललीस हां."

"नशीब," प्रतीक्षा खुर्चीत टेकत म्हणाली. "ते तुम्हीच ऐकलंत."

आणि मग तिने यादीतली नववी ओळ बघितली. लोणावळा.

"अमृता, ते लोणावळ्याचं काउंटर बंद झालं, तेव्हा तिथला कॉम्प्युटर कुठे गेला?"

"कॉम्प्युटर कसला, लॅपटॉप होता. साहेबांनी घरी नेला."

प्रतीक्षाने पुढची दहा मिनिटं जे टाइप केलं ते तिला आजही आठवत नाही. नऊ ठिकाणी 'थांब' म्हणून हुकूम पाठवले. कान्ह्याच्या चारांचं उत्तर, मार्ग सापडला नाही. बेगडेवाडीच्या चारांचं तेच.

"तुम्ही निघताना कॉम्प्युटर बंद केलेत?"

"मेन स्विचच पाडला," भिमाजी जरा दुखावून म्हणाले. "भिंतीवर साहेबांनी लिवलंय, जागा सोडताना वीज बंद करा."

"आमी बी," झुंबरबाई म्हणाली. "आमी काय उधळ्या हाओत व्हय?"

नववं उत्तरही आलं. मार्ग सापडला नाही. म्हणजे लोणावळ्याचा लॅपटॉप नेटवर्कवर नव्हता. म्हणजे घरी नव्हता. म्हणजे प्रवासात होता.

प्रतीक्षाने टेबलावरचा आपला कप, पाण्याची बाटली आणि एक कंगवा पर्समध्ये भरला. झुंबरबाईने ते एकेक करून बाहेर काढून परत टेबलावर ठेवला. "हितं अकरा जनी हाओत," ती म्हणाली. "बसून ऱ्हा."

दीड वाजता साहेबांची गाडी आली. साहेब वर आले ते उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, नैवेद्याचं ताट धरावं तसा. मागे पांढऱ्या शर्टातला एक तरुण, गळ्यात एजन्सीचं ओळखपत्र. त्यावर नाव होतं, सार्थक. जिन्यापासून भिंतीपर्यंत माणसंच माणसं बघून दोघे दारात थांबले. तिकडे कान्ह्याला कुणी नाही, बेगडेवाडीला कुणी नाही, कंपनीची सगळी कंपनी इथे, आणि त्यातल्या अकरा जणी एप्रिलमध्ये कानटोपी घालून साहेबांकडे रोखून बघताहेत.

कुणी काही बोलणार एवढ्यात लॅपटॉप बोलला. "आईला काय तोंड दाखवू? पेढे वाटून बसलीय ती." मग मालकाचं. मग प्रिंटरचं. सगळं, शेवटपर्यंत.

साहेबांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. "सकाळपासून पाचव्यांदा," ते म्हणाले. "झाकण लावलं तरी बोलतो. गाडीत बोलला. टोलनाक्यावर काच खाली केली तर तिथल्या मुलीने मला विचारलं, का काढताय हो तिला?"

"साहेब, मी..."

"प्लग नव्हता," साहेब म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्यांदा ऐकल्यावर उठून बघितलं. प्लग नव्हताच लावलेला. लावला. आला कागद." त्यांनी खिशातून घडी केलेला एक कोरा कागद काढून दाखवला, पुरावा म्हणून.

सार्थकने घसा खाकरला. "सर, हा सिक्युरिटीचा गंभीर प्रकार आहे. मी तुम्हाला म्हणालोच होतो. कुणीतरी बाहेरून तुमच्या मशीनमध्ये शिरून आपल्या मर्जीने स्क्रिप्ट चालवतंय."

"बाहेरून नाही, मी चालवतेय," प्रतीक्षा म्हणाली. "इथून. नऊ ठिकाणी."

"एकाच वेळी?"

"हो."

"तुमच्याकडे सर्व्हर कुठलाय?"

"सर्व्हर नाही. हा आहे." तिने आपल्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. वर क्रोशाचं झाकण अर्धवट मागे टाकलेलं होतं.

साहेब सार्थककडे वळले. "तुम्ही आम्हाला याला किती दिवस लागतील म्हणाला होता?"

"सहा महिने," सार्थक प्रामाणिकपणे म्हणाला. "सर्व्हे धरून."

"आवाज जाऊ दे. लेबलाचं काय?" साहेबांनी विचारलं आणि प्रतीक्षाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नवीन लेबल तिथे होतं. सकाळी साडेदहापासून होतं. बाकी आठांत आहे की नाही, हे सांगायला मात्र तिकडे माणूस नव्हता, कारण माणसं सगळी 'ऐकू येतंय' हे सांगायला इकडे आली होती.

मग वरात निघाली. पुढे साहेबांची गाडी, त्यात प्रतीक्षा आणि सार्थक, मागे गुलाबाची गाडी. कान्ह्याला मेन स्विच वर गेला, चार कॉम्प्युटर उठले, आणि चौघांनी प्रतीक्षाच्या आवाजात रडायला सुरुवात केली. त्या रडण्यातच चार लेबलं छापून निघाली. तिथून माघारी वळून बेगडेवाडी. तिथे भिमाजी आधीच पोचून हेल्मेटसकट प्रिंटरपाशी उभे होते. आणखी चार लेबलं. साहेबांनी आठही उन्हात धरून बघितली, एक चाटूनसुद्धा बघितलं.

"खुर्ची तुमची," ते म्हणाले. "सोमवारी पत्र देतो." आणि वर, "पण तेवढं बोलणं बंद करा. पाचच्या आत. नाहीतर बायको घरात घेणार नाही. तिला वाटतंय मी कुणालातरी फसवलंय."

वराळ्याला परत येईपर्यंत साडेचार झाले. अमृताने चहा करून ठेवला होता, वर प्लेट झाकून. प्रतीक्षा खुर्चीत बसली. आता ही खुर्ची वेगळीच लागत होती, म्हणजे खुर्चीचा डावा हात अजूनही डुगडुगतच होता, पण आपल्या हक्काच्या खुर्चीचा डुगडुगावा तसा. तिने आठ ठिकाणी 'थांब' म्हणून हुकूम पाठवला, नववा लॅपटॉप तिथेच होता, त्याला हाताने गप्प केलं. आठ ओळी उमटल्या. यशस्वी, यशस्वी, यशस्वी.

"आता हे खरं का खोटं कसं कळणार?" अमृता म्हणाली.

"कळायची गरज नाही. शांतता आहे म्हणजे झालं." प्रतीक्षाने आईला फोन लावला. आई आधी रडली, मग म्हणाली की मग तेव्हाचे पेढे कसले होते. ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

फोन ठेवला तेव्हा खाली काहीतरी टीं टीं टीं वाजत होतं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जिन्यात पावलं वाजली, पुष्कळ पावलं. दारात झुंबरबाई आली, मागे बाकीच्या दहा, कोट, टोप्या, मोजे, आणि त्यांच्याही मागे, धापा टाकत, भिमाजींचं हेल्मेट.

"मावशी, आता काय झालं?"

झुंबरबाईने आधी खुर्ची बघितली, मग खुर्चीतली प्रतीक्षा बघितली, टेबलावरचा कप, बाटली आणि कंगवा मोजून घेतला, आणि मग दाराच्या चौकटीला टेकून दम खाल्ला.

"बोलता बोलता येकदम गप झालीस," ती म्हणाली. "आमाला वाटलं, काडलं तुला."